आधी वाचा, मग दुरुस्त करा

दुर्मीळ जुना संगणक हाती आला की संग्राहकाचे लक्ष आधी मदरबोर्ड आणि कीबोर्डकडे जाते. फ्लॉपी ड्राइव्ह बिघडलेला असेल तर तो काढून बाजूला ठेवला जातो. हा क्रम उलटा हवा. 1980च्या दशकात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक भारतीय शाळांत आला आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचा भारतीय अवतार ‘युनिकॉर्न’ नावाने बनवला. त्याचा ड्राइव्ह वेगळ्या पेटीत, तारेने जोडलेला असे. त्यामुळे संगणक जपला गेला आणि ड्राइव्ह भंगारात गेला, असे सहज घडू शकते. यात काय गमावले जाते, ते ड्राइव्ह उघडल्यावर कळते.

सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये एक मोटर तबकडी फिरवते, बहुतेक ड्राइव्हमध्ये मिनिटाला 300 फेऱ्यांनी. दुसरी, टप्प्याटप्प्याने सरकणारी स्टेपर मोटर वाचन-लेखनाचे हेड आत-बाहेर नेते. 360 केबीच्या फ्लॉपीवर इंचाला 48 ट्रॅक असतात, म्हणजे दोन ट्रॅकमधले अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. हेड किंचित सरकले किंवा तिरके झाले तरी ड्राइव्ह बंद पडत नाही. तो त्याच तिरकसपणाने लिहितो आणि स्वतः लिहिलेले बिनतक्रार वाचतो. वाकड्या गजाने मापून कापलेले कापड त्याच गजाला बरोबर भरावे, तसे हे आहे. म्हणूनच शेजारच्या संगणकावर न उघडणारी फ्लॉपी मूळ संगणकावर उघडत असे. असा ड्राइव्ह घाईने ‘अलाइन’ केला, तर यंत्र सुधारते आणि त्याने वर्षानुवर्षे लिहिलेल्या फ्लॉप्या परक्या होतात.

यावर पहिला आक्षेप असा, की आता पेनड्राइव्ह लावून फ्लॉपीची नक्कल करणारी उपकरणे मिळतात, मग जुने लोखंड कशाला सांभाळायचे? संगणक चालू करण्यापुरता हा मुद्दा बरोबर आहे. पण ते उपकरण खरी फ्लॉपी वाचू शकत नाही. यूएसबीला जोडायचे ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात. बीबीसी मायक्रोच्या मूळ डिस्क-व्यवस्थेत इंटेलची 8271 ही चिप होती आणि तिची एकेरी घनतेची लेखनपद्धत पीसीच्या अनेक कंट्रोलरना वाचता येत नाही. ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स यांसारखी उपकरणे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात आणि अर्थ लावण्याचे काम नंतरवर सोडतात. मात्र त्यांनाही खराखुरा ड्राइव्ह जोडावाच लागतो. संगणकापुरता ड्राइव्हला पर्याय आहे, ड्राइव्हपुरता संगणकाला पर्याय आहे. फ्लॉपीपुरता मात्र ड्राइव्हला पर्याय नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुना ड्राइव्ह फ्लॉपीच खरवडून टाकेल. वसई-विरारसारख्या ठिकाणी ही भीती खोटी नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. पावसाळ्यातली दमट, खारी हवा धातूला गंज आणते, तबकडीवर बुरशी धरते. ती बुरशी हेडला चिकटली की पुढची फ्लॉपीही ओरखडते. पण यातून निष्कर्ष निघतो तो ड्राइव्ह टाकून देण्याचा नव्हे, वीज देण्याआधी तो तपासण्याचा. पट्ट्याने चालणारा ड्राइव्ह असेल तर रबर चिकट किंवा सैल झाले आहे का, हेड सरकणाऱ्या दांड्यांवरचे ग्रीस गोठले आहे का, कपॅसिटर गळले आहेत का, हे आधी पाहावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पहिली चाचणी बिनमोलाच्या फ्लॉपीवर घ्यावी. जपायच्या सव्वापाच इंची फ्लॉपीची कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की ड्राइव्ह तिच्यावर लिहू शकत नाही. हेडची जुळणी मात्र सगळ्या फ्लॉप्या वाचून होईपर्यंत हलवू नये.

फ्लॉपीची विक्री जपानमध्ये सोनीने 2011 मध्ये थांबवली. नवे ड्राइव्ह बनण्याची आशा आता धरता येत नाही. म्हणून वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा भंगाराच्या गोदामात असे यंत्र सापडले, तर ड्राइव्ह आणि फ्लॉप्या एकत्रच घ्याव्यात आणि कोणती फ्लॉपी कोणत्या ड्राइव्हबरोबर होती याची चिठ्ठी लावावी. ही जोडी एकदा फुटली, की पुढे कितीही कुशल कारागीर मिळाला तरी त्याला अंदाजानेच काम करावे लागेल.