ओंजळीतले पाणी आणि केळीच्या पानावरचा भात

मूग आणि तांदूळ एकत्र शिजवायचे, वर तूप सोडायचे आणि सकाळी न्याहारीला खायचे. इथले लोक या पदार्थाला ‘किश्री’ म्हणतात आणि रोज सकाळी तेच खातात. आमच्या मगरिबात जसा हरीरा, तशी यांची ही किश्री. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी एका परदेशी मुसाफिराने ही माहिती सांगून ठेवली आहे. खिचडी आपल्या घरात आजही शिजते. हरीराही आपल्याला परका नाही, मात्र आपल्याकडे तो बाळंतिणीला देतात आणि मोरोक्कोत रमजानच्या इफ्तारला पितात. नाव एक, भांडे वेगळे.

हा मुसाफिर म्हणजे इब्न बतूता. शाळेच्या इतिहासात तो आपल्याला भेटतो तो मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारात: राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेली, सुलतान एका हाताने खैरात करी आणि दुसऱ्या हाताने शिक्षा देई, वगैरे. त्यामुळे तो दरबारी बखरकार असावा असा आपला समज होतो. त्याचा सफरनामा प्रत्यक्ष वाचला की दिसते ते वेगळेच. हा माणूस जिथे जातो तिथे लोक काय खातात, कसे बसतात, लग्ने कशी जुळवतात, लोणचे कशाचे घालतात हे पाहत असतो. आणि आपल्या देशातल्या साध्या माणसांनी त्याला कसे वागवले, तेही तो सांगतो.

ओळख थोडक्यात करून देतो. जन्म १३०४ मध्ये मोरोक्कोतल्या तंजा शहरात. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १३२५ मध्ये, तो हजसाठी घरातून निघाला आणि चोवीस वर्षे घरी परतला नाही. १३३३ मध्ये सिंधू नदी ओलांडून तो आपल्या देशात आला. दिल्लीत त्याला काझी नेमले, मोठा पगार मिळाला, त्याहून मोठे कर्ज झाले. १३४२ मध्ये सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनकडे पाठवले. दिल्लीबाहेरचा खरा हिंदुस्थान त्याला दिसला तो या प्रवासात.

सुरुवातच वाईट झाली. कोल, म्हणजे आजचे अलीगढ, त्या परिसरात बंडखोरांशी चकमक झाली. इब्न बतूता साथीदारांपासून तुटला आणि लुटारूंच्या हाती सापडला. त्याला ठार मारायचे काम तिघांवर सोपवले होते: एक म्हातारा, त्याचा मुलगा आणि आणखी एक जण. शेवटी एका तरुणाला त्याची दया आली. इब्न बतूताने आपला अंगरखा काढून त्याला दिला, त्याने आपला जुना निळा अंगरखा याला दिला आणि वाट दाखवली. मग कितीतरी दिवस हा सुलतानाचा वकील रानात लपतछपत फिरला. बोरे खाल्ली, पाला खाल्ला.

एका विहिरीवर दोर होता पण पोहरा नव्हता. डोक्याचे फडके दोराला बांधून खाली सोडले आणि भिजून वर आले ते चोखले. तहान भागेना. मग पायातला जोडा बांधला. दुसऱ्या खेपेला दोर तुटला आणि जोडा विहिरीत गेला. दुसऱ्या जोड्याने पाणी काढून तो पोटभर प्याला. मग तो जोडा कापून त्याच्या चामड्याने, चिंध्यांनी पाय बांधत बसला असताना समोर एक सावळा माणूस उभा राहिला. हातात लोटा आणि काठी, खांद्यावर झोळी. त्याने सलाम केला आणि फारसीत विचारले, तू कोण? वाट चुकलोय, असे इब्न बतूताने सांगितले. त्यावर त्यानेही आपली तीच गत असल्याचे सांगितले. मग झोळीतून भाजलेले काळे हरभरे आणि थोडे तांदूळ काढून दिले, लोट्यातले पाणी दिले.

एसटीच्या प्रवासात शेजारचा माणूस कागदाच्या पुडीतले चणे-कुरमुरे पुढे करतो, त्याला जात-गाव न विचारता आपण घेतो. त्याहून हे फार निराळे नव्हते.

पुढे इब्न बतूताला चालवेना. तेव्हा त्या माणसाने त्याला पाठीवर घेतले. अल्लाहचे नाव घेता घेता त्याला पाठीवरच झोप लागली, आणि जाग आली तेव्हा तो एका गावात जमिनीवर होता. आणणारा निघून गेला होता. वस्ती हिंदूंची, अंमलदार मुसलमान. तिथे त्याला गरम जेवण मिळाले, आंघोळ मिळाली. अंमलदार म्हणाला, आमच्याकडे एका अरबाने कपडे ठेवायला दिलेत, ते घाला. कपडे आणले, तर ते इब्न बतूताचेच निघाले. काही दिवसांपूर्वी कोलला त्यानेच ते त्या अरबाला देऊन टाकले होते.

त्या सावळ्या माणसात त्याला पुढे एका वलीची करामत दिसली. ज्याला तसे मानायचे त्याने मानावे. मला मात्र झोळीतले हरभरे अधिक लक्षात राहतात.

तिथून ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन करत तो दौलताबादला पोहोचला, म्हणजे आपल्या मुलखात. इथल्या द्राक्षांचे आणि डाळिंबांचे त्याने कौतुक केले आहे. गाणाऱ्यांचा एक मोठा बाजार होता आणि त्या बाजारात मशिदीही होत्या. रमजानमध्ये तिथे तरावीह होत असे. किल्ल्याच्या तळघरातल्या मांजराएवढ्या उंदरांचा किस्सा सोडून देऊ.

पुढचे गाव नंदुरबार, आणि इथे मराठी वाचकाने थांबायलाच हवे. इथले लोक मराठे आहेत, असे तो सांगतो. कारागिरीत, वैद्यकीत, ज्योतिषात हुशार. त्यांचे जेवण भात, भाजी आणि तिळाचे तेल. जनावराला इजा करणे त्यांना आवडत नाही. जेवणाआधी ते अंग धुतात, आणि कसे, तर आपण गुस्ल करतो तितके कसून. सात पिढ्यांच्या आतले नाते असेल तर लग्न करत नाहीत. दारू पीत नाहीत. त्यांच्या लेखी तो सगळ्यात मोठा दोष आहे. हे सांगणारा स्वतः काझी होता, मगरिबात चुलत-मामे भावंडांची लग्ने सर्रास होत, मांस रोजचे. तरी यात टिंगल कुठे नाही. शेजाऱ्याची अंघोळ समजावायला तो आपला गुस्ल पुढे करतो, खिचडी समजावायला आपला हरीरा. परक्या घरातली रीत आपल्या माणसांना सांगायची, तर याहून सोपी तऱ्हा मला माहीत नाही.

खंबायतहून तो समुद्रमार्गे दक्षिणेला गेला. गोव्यापासून कोल्लमपर्यंतचा किनारा हा त्याचा मलबार. पायी दोन महिन्यांची वाट, सगळी झाडांच्या सावलीतून. दर अर्ध्या मैलाला लाकडी घर, त्यात बसायला ओटे, बाजूला विहीर आणि पाणी द्यायला नेमलेला माणूस. वाटसरू कोणत्याही धर्माचा असो, सावली आणि ओटा सगळ्यांना सारखा. पाण्याची रीत मात्र वेगळी. बिगरमुस्लिम वाटसरूला भांड्यातून पाणी, मुसलमानाला ओंजळीत वरून धार. तो हाताने पुरे अशी खूण करीपर्यंत पाणी देणारा धार धरून असे.

आणखी पुढे तो सांगतो की तिथे मुसलमान त्यांच्या घरात जात नसे, त्यांच्या भांड्यात जेवत नसे. जेवलाच तर ते भांडे फोडत किंवा मुसलमानालाच देऊन टाकत. ज्या गावात एकही मुसलमान घर नसे तिथे ते स्वतः त्याच्यासाठी स्वयंपाक करत, केळीच्या पानावर भात वाढत, वर कालवण घालत. उरलेले कुत्री आणि पाखरे खात. जिथे मुसलमान घरे होती तिथे मुसाफिर त्यांच्याकडे उतरे. ही घरे नसती तर आमच्यापैकी कोणाला तिथून प्रवास करता आला नसता, असेही तो म्हणतो.

जुन्या काळी सगळे कसे गुण्यागोविंदाने राहत होते, असे लेख आपण पुष्कळ वाचतो. ते लिहिणारे हा भाग गाळतात. दुसऱ्या बाजूचे लोक फक्त फुटलेले भांडे दाखवतात आणि केळीचे पान गाळतात. दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर घडत होत्या. आपल्या आजीच्या पिढीने हे पाहिलेले आहे. कोणाच्या घरी चहाची वेगळी कपबशी असे. आपणही ईदला शाकाहारी शेजाऱ्यांकडे शिजवलेला शीरखुर्मा न पाठवता शेवया, साखर, सुका मेवा असा कोरडा शिधा पाठवत होतो. कुठे कुठे अजूनही पाठवतो. त्यात आपल्याला अपमान वाटला नाही. शेजारणीची अडचण आपल्याला ठाऊक होती. पण कपबशीचा अपमान होता, आणि ज्यांच्यासाठी ती वेगळी ठेवली जाई त्यांना तो कळत होता. मुसलमान घरांतही अशा वेगळ्या कपबशा नव्हत्या असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ओंजळीत पाणी घेताना इब्न बतूताच्या मनात काय आले ते त्याने सांगितलेले नाही. धार धरणारा माणूस खूण होईपर्यंत थांबत असे, एवढे मात्र त्याने आवर्जून सांगितले.

होनावरला, आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, तो नवायत सुलतानाकडे राहिला. इथल्या जेवणाचे वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटते. तांब्याचे ताट, त्याला ‘तालम’ म्हणत. मोठ्या पळीने भात वाढायचा, वर तूप; बाजूला मिरीच्या घोसाचे, ओल्या आल्याचे, लिंबाचे आणि कैरीचे लोणचे. एक घास भाताचा, मग थोडे लोणचे. तो भात संपला की दुसरी पळी आणि कोंबडी, मग मासे, मग तुपात शिजवलेल्या भाज्या, आणि शेवट दह्या-ताकाने. कोकणातल्या आपल्या घरांतून आजही ताक किंवा सोलकढी आली की जेवण संपले असे समजतात. पावसाळ्यात थंड पाणी बाधते म्हणून प्यायला गरम पाणी. पुढे याच गावात तो अकरा महिने राहिला आणि तेवढ्या काळात भाकरी-रोटीचा तुकडा त्याच्या पोटात गेला नाही. मलबार, मालदीव, सिलोन, तमिळ किनारा मिळून तीन वर्षे भातच. शेवटी शेवटी तो पाण्याच्या घोटाबरोबर भात गिळत असे. गव्हावर वाढलेल्या माणसाचे हे हाल देशावरून कोकणात सासरी आलेल्या मुलींना चटकन कळतील.

आणि याच होनावरमध्ये त्याने मोजल्या तेवीस मुलांच्या शाळा आणि तेरा मुलींच्या. असे दुसरीकडे कुठेच पाहिले नाही, असे सांगतो. आणि त्याने जग पाहिलेले होते. इथल्या बायका न शिवलेले वस्त्र नेसत, एक टोक कमरेला आणि दुसरे डोक्या-खांद्यावरून, नाकात सोन्याची नथ, आणि त्यांना कुरआन तोंडपाठ. चौदाव्या शतकातल्या त्या तेरा शाळा, मुलीला सातवी-आठवीनंतर घरी बसवणाऱ्या आपल्यातल्या बापांनी ध्यानात घ्याव्यात.

हे वर्णन करणारा माणूस संत नव्हता. त्या होनावरच्या ताटात भात वाढणारी मुलगी दासी होती. इब्न बतूता स्वतः दासी विकत घेत असे, आणि या माणसांच्या मनात काय चालले असेल असा प्रश्न त्याला कुठेच पडत नाही. होनावरच्या सुलतानाबरोबर तो गोव्यावरच्या स्वारीतही गेला. शिवाय सगळा सफरनामा त्याने घरी परतल्यावर १३५५ च्या सुमारास, बराचसा आठवणीतून सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला. तारखा, अंतरे यांत गोंधळ आहे. लोणच्यांत मात्र गोंधळ दिसत नाही.

वकिलीचा शेवट वाईट झाला. चीनच्या बादशहासाठीचे नजराणे कालिकतच्या बंदरात वादळात बुडाले. दिल्लीला परत जायची हिंमत होईना म्हणून तो किनाऱ्याकिनाऱ्याने, बेटाबेटांवर भटकत राहिला. एकदा होनावरजवळ बारा जहाजांनी त्याच्या जहाजाला घेरले. सिलोनच्या राजाने दिलेली रत्ने गेली, कपडे गेले, शिदोरी गेली. अंगावर फक्त विजार ठेवून चाचांनी त्याला किनाऱ्यावर सोडले. तसाच तो कालिकतला आला आणि एका मशिदीत शिरला. एका आलिमाने अंगरखा पाठवला. काझींनी पगडी पाठवली. एका व्यापाऱ्याने दुसरा अंगरखा पाठवला. ते घालून तो पुढच्या प्रवासाची चौकशी करायला बाहेर पडला.