केना : वावरातले निळे फूल

वनस्पतिसृष्टीत निळा रंग विरळा. पांढरी, पिवळी, तांबडी फुले पावलोपावली आढळतात. निळ्या फुलांची नावे सांगायची म्हटली तर गोकर्ण, विष्णुक्रांता, नभाळी अशी मोजकीच आठवतात. परंतु आपल्या भागात एक निळे फूल असे आहे की त्याला शोधायला कुठे जावे लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याच्याकडे फूल म्हणून कोणी पाहत नाही. ते फूल केन्याचे.

अमरावती-नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठ आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तरी महामार्ग सोडून आत वळले की काळी जमीन आणि कपाशी, तूर, सोयाबीनची वावरे लागतात. मृगाचा पाऊस झाला, पीक वर आले की त्याच्या सोबतीने केनाही वर येतो. निंदणाऱ्या बाया त्याला उपटून धुऱ्यावर टाकतात, गुरे तो खातात, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. तण, चारा आणि भाजी अशी ही तिहेरी ओळख. चौथी ओळख शास्त्राची.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या वनस्पतीला कॉमेलिना बेंगालेन्सिस असे नाव दिले. त्यातील कॉमेलिना या शब्दामागे एक मार्मिक गोष्ट आहे. हॉलंडमधील कॉमेलिन घराण्यातील यान आणि कास्पार हे काका-पुतणे वनस्पतिशास्त्रात नावाजले. तिसरा मात्र काही करून दाखविण्याआधीच वारला. केन्याच्या फुलात दोन पाकळ्या मोठ्या व ठसठशीत, तर तिसरी लहान आणि फिकट. लिनियसने त्या तीन पाकळ्यांत हे तीन कॉमेलिन पाहिले!

ओळख कशी पटवावी?

केन्याची पाने अंडाकृती, रुंद आणि आखूड देठाची असतात. देठाचा तळ खोडाला वेढून बसतो व त्याच्या तोंडाशी तांबूस केस दिसतात. दुसरी खूण म्हणजे फुलाखालचा हिरवा द्रोण. शास्त्रीय भाषेत त्याला महाछद म्हणतात. तो मागच्या बाजूने जुळलेला, म्हणजे नरसाळ्यासारखा असतो. याच कुळात अरुंद, भाल्यासारख्या पानांचे इतर केनेही आहेत. त्यांपैकी काहींचा द्रोण तळाशी सुटा राहतो. म्हणून नुसत्या फुलावरून नाव सांगू नये. पान आणि द्रोण पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

विष्णुक्रांतेशी घोटाळा होण्याचे कारण नाही. तिच्या पाच पाकळ्या एकमेकींना जुळून वाटोळी चकती झालेली असते. नभाळीच्या तिन्ही पाकळ्या सारख्या आणि तिच्या केसरदलांवर मऊ निळी लव असते. केन्यात मात्र पिवळी टोके असलेली काही केसरदले वंध्य असतात. या फुलात मध नाही. ती पिवळी टोके कीटकांना बोलावतात आणि खरा पराग दुसरीच केसरदले देतात.

याहून नवल जमिनीखाली आहे. केन्याच्या बुडाशी पांढरट फांद्या मातीत शिरतात आणि तेथे न उमलणारी फुले धरतात. ती आतल्या आत फलित होऊन बी तयार करतात. वरचा झाडोरा कापला तरी खालचे बी शाबूत राहते. शिवाय तुटलेले कांडे ओल्या मातीत पडले की पुन्हा मूळ धरते. ग्लायफोसेट या तणनाशकालाही केना सहजासहजी दाद देत नाही. अमेरिकेत १९८३ पासून तो उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे, आणि जॉर्जिया राज्यातील कापूस उत्पादकांना २००० नंतर त्याने हैराण केले. यावरून तण नेमके कोणते हे ओळखणे शेतकऱ्याच्या किती कामाचे आहे ते ध्यानात येईल. औषध फवारून पैसा जावा आणि केना मात्र उभाच राहावा, असे होऊ शकते. भाजी खुडणारीनेही वावरात फवारणी झाली आहे काय, हे आधी विचारले पाहिजे.

छायाचित्र घेताना

केन्याचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या विरघळून आत ओढल्या जातात. कागदात दाबून ठेवले तर रूपही टिकत नाही व रंगही टिकत नाही. तेव्हा या फुलाच्या बाबतीत छायाचित्र हा पुरावाच होय. त्यासाठी सकाळची वेळ धरावी. कडक उन्हात निळा रंग फिकट पडतो. ढगाळ प्रकाश उत्तम, नाहीतर आपल्या अंगाची सावली फुलावर धरावी. फिल्मच्या काळात पुष्कळ निळी फुले गुलाबी-जांभळट उमटत. आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारे गडद तांबडे किरण ती परावर्तित करतात व फिल्म ते टिपून घेई. आजच्या मोबाइलमध्येही निळ्याचा जांभळा होऊ शकतो, म्हणून चित्र तेथेच फुलाशी ताडून पाहावे.

उभ्याने वरून चित्र घेऊ नये. गुडघे टेकून फुलाच्या पातळीवर यावे. एक चित्र समोरून, एक बाजूने द्रोणासह, एक पानाचे व देठाच्या तळाचे, एक संपूर्ण झाडाचे. शेजारी एखादे नाणे ठेवल्यास आकार कळतो. निंदणात उपटलेले झाड मिळाले तर त्याच्या बुडाचेही चित्र घ्यावे. सोबत तारीख, वेळ, गाव आणि जमिनीचा प्रकार लिहावा. नाव ताडून पाहण्यासाठी भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने १९८८ साली प्रसिद्ध केलेला अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आपल्या भागास उपयोगी आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या खटाटोपात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हे की वनस्पतीचे लॅटिन नाव ग्रंथात सुरक्षित आहे. पण तिची गावोगावची नावे, ती शिजवायची रीत, ती कोणत्या जमिनीत फार माजते याचे ज्ञान निंदणाऱ्या बायांच्या तोंडी आहे, आणि निंदणाची जागा फवारणी घेत चालली आहे. येत्या श्रावणात चित्राखाली शास्त्रीय नावाबरोबर आपल्या आजीने सांगितलेले नावही लिहावे. ते काम भाषेच्या विद्यार्थ्याचेच आहे.