श्वासावाटे घेण्याच्या भुकटीचे माप : लेखांक ६ वा

औषधाचा कण फुप्फुसाच्या खोल शाखांपर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याचा व्यास साधारणतः एक ते पाच मायक्रॉन असावा लागतो, हे मागील लेखांकात आपण पाहिले. इतक्या बारीक पुडीचा ठरीव अंश दर खेपेस तेवढाच कसा द्यावयाचा, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ उभा राहतो. आणि कोरड्या भुकटीच्या इन्हेलरमधील बहुतेक कारागिरी याच प्रश्नापायी खर्ची पडली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १८६४ साली आल्फ्रेड न्यूटन याने इंग्लंडात अशा साधनाचे पेटंट घेतले, तेव्हाच पूड अत्यंत बारीक व कोरडी हवी, हे त्याने ओळखले होते. परंतु बारीकपणा आणि मोजमाप यांचे मूळचेच वाकडे आहे, याचा खरा प्रत्यय पुढील शतकात यावयाचा होता.

हे वैर स्वयंपाकघरातही दिसते. रवा डब्यातून सरळ ओघळतो, मैदा मात्र डब्याच्या अंगाला चिकटतो, त्याच्या गुठळ्या होतात, आणि तीच वाटी दोनदा भरली तरी दाबून व सैल भरण्यात बरीच तफावत पडते. कण जसजसा लहान होतो तसतसे त्याचे वजन झपाट्याने घटते, पण शेजारच्या कणाला धरून ठेवणारे आकर्षण त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे दोन-तीन मायक्रॉनचा कण गुरुत्वाकर्षणाचा हुकूम मानीतच नाही. यावर तोड म्हणून औषधाचे कण दुग्धशर्करेच्या मोठ्या, बहुधा पन्नास ते शंभर मायक्रॉनच्या स्फटिकांवर बसविण्याची तजवीज झाली. स्फटिक ओघळतात, भरता येतात, मोजता येतात, आणि औषध त्यांच्या पाठीवरून प्रवास करते.

उदाहरणादाखल टायोट्रोपियम या औषधाची, हँडिहेलर या साधनात घालावयाची कॅप्सूल घ्या. तिच्यात एकूण साडेपाच मिलिग्रॅम पूड असते आणि तीत औषध केवळ १८ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे तीनशे भागांत एक भाग. कारखान्यातील तराजूने कॅप्सूल कितीही काटेकोरपणे तोलली, तरी तो तोलतो ती मुख्यतः साखरच. औषधाचा अंश दुपटीने वाढला किंवा अर्ध्यावर आला तरी काट्याला त्याचा सुगावा लागणे कठीण. सारी भिस्त मिश्रण एकजीव होण्यावर राहते, आणि तेथेही दोन्हीकडून कोंडी आहे. मिश्रण कमी घोटले तर औषधाचे पुंजके राहून एका कॅप्सूलमध्ये जास्त व दुसरीत कमी जाते. फाजील घोटले तर कण स्फटिकाच्या खाचाखोचांत इतके घट्ट रुतून बसतात की रुग्णाच्या श्वासाने ते सुटत नाहीत. मोजताना घट्ट धरावे आणि श्वास लागताच तत्क्षणी सोडावे, ही परस्परविरुद्ध अपेक्षा त्या एका स्फटिकाकडून आपण करीत असतो.

स्वीडनच्या आस्ट्रा कंपनीचे टर्ब्युहेलर १९८० नंतरच्या दशकात आले, तेव्हा मोजण्याचे कामच रुग्णाच्या हाती सोपविले गेले. तळाची मूठ फिरवली की कोठीतील पूड एका चकतीच्या भोकांत भरते व वरची पाती जादा पूड खरवडून काढतात. फिरवताना साधन उभे धरावे, ही सूचना शिष्टाचारासाठी नव्हे. आडवे धरले तर भोके अर्धवट भरतात. शिवाय हे साधन हलविल्यास जो खुळखुळाट होतो तो आर्द्रता शोषणाऱ्या पदार्थाचा असतो, औषधाचा नव्हे. कोठी रिकामी झाली तरी आवाज येतच राहतो, आणि त्या आवाजावर विश्वास ठेवून रुग्ण रिकामी नळी ओढीत बसतो. खिडकीतील तांबडी खूण पाहण्याची सवय हाच त्यावरील बंदोबस्त. ग्लॅक्सोच्या डिस्कसने याउलट मार्ग धरला: प्रत्येक मात्रा कारखान्यातच धातूच्या पट्टीवरील स्वतंत्र कप्प्यात मोहोरबंद. आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत मला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण ओल एका कप्प्यापुरतीच शिरू शकते.

तथापि मोहोरबंद कप्पाही हिशेबात कसा फसवू शकतो, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे फायझरचे श्वासावाटे घ्यावयाचे इन्सुलिन, एक्झ्युबेरा. २००६ च्या जानेवारीत त्यास अमेरिकेत मंजुरी मिळाली. कप्पे दोन मापांचे होते, एक मिलिग्रॅमचे व तीन मिलिग्रॅमचे. एक मिलिग्रॅम म्हणजे अदमासे ३ युनिट इन्सुलिन, तर तीन मिलिग्रॅम म्हणजे ९ नव्हे, सुमारे ८ युनिट. तीनचा कप्पा संपला म्हणून कोणी एकाचे तीन कप्पे लागोपाठ घेतले, तर रक्तात इन्सुलिन ३० ते ४० टक्के अधिक उतरत असे. म्हणून अशी अदलाबदल करू नये, असा स्पष्ट इशारा माहितीपत्रकात द्यावा लागला. अंकगणितात बरोबर असलेली बेरीज शरीरात चुकत होती, आणि इन्सुलिनच्या बाबतीत अशी चूक रुग्णाला मूर्च्छेपर्यंत नेऊ शकते. कंपनीने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ते उत्पादन थांबविले. कारण मुख्यतः विक्रीचे होते, परंतु मापाचा हा धडा त्या विक्रीहून कितीतरी मोलाचा आहे.

मग मात्रा दर खेपेस सारखी पडते की नाही, याची परीक्षा कशी घेतात? साधनावर ४ किलोपास्कलचा दाबफरक पडेल अशा बेताने, एकूण ४ लिटर हवा पंपाने ओढून, बाहेर पडलेली मात्रा गाळणीवर पकडतात. युरोपीय औषधसंहितेनुसार अशा दहा मात्रांपैकी नऊ सरासरीच्या ७५ ते १२५ टक्क्यांत असाव्यात आणि एकही ६५ ते १३५ च्या बाहेर जाऊ नये. कोठीच्या साधनात आरंभीच्या तीन, मधल्या चार व अखेरच्या तीन मात्रा तपासतात. गोळ्यांच्या बाबतीत हीच संहिता ८५ ते ११५ ची मर्यादा घालते. ही सवलत मला ढिलाई वाटत नाही. पदार्थाच्या स्वभावाची ती प्रामाणिक कबुली आहे.

परंतु पंप दरवेळी सारखाच ओढतो. दम्याने बेजार झालेला मनुष्य तसे करीत नाही. टर्ब्युहेलरमधून मिनिटाला सुमारे ६० लिटर वेगाने श्वास ओढला असता औषधाचा पाव हिस्सा किंवा थोडा अधिक फुप्फुसात पोहोचतो. वेग ३६ लिटरच्या आसपास उतरला की तो हिस्सा जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे मापाचे शेवटचे पारडे रुग्णाच्या छातीत आहे, आणि म्हणूनच श्वास पहिल्या क्षणापासून जोराने ओढावा व साधनात फुंकर मारू नये, हे वैद्याने प्रत्यक्ष करवून घेतले पाहिजे, नुसते सांगून भागत नाही. आपल्याकडे सिप्लाच्या रोटाहेलरमुळे ‘रोटाकॅप’ हा घरोघरचा शब्द झाला आहे. तेथेही ओढून झाल्यावर पोकळीत पूड उरली आहे काय ते पाहून पुन्हा एकदा ओढणे, हा मापाचाच भाग होय.

वेष्टनावरील आकड्याविषयी एक तक्रार मात्र नोंदवावीशी वाटते. फॉर्मोटेरॉल या औषधाची तीच मात्रा कोठे ६ मायक्रोग्रॅम तर कोठे ४.५ मायक्रोग्रॅम म्हणून छापलेली आढळते: पहिला आकडा साधनात मोजलेल्या मात्रेचा, दुसरा मुखनळीतून बाहेर पडलेल्या मात्रेचा. टायोट्रोपियमच्या वर सांगितलेल्या १८ पैकीही सुमारे १०च मायक्रोग्रॅम बाहेर येतात. परदेशातून परतलेला रुग्ण दोन्ही डब्या शेजारी ठेवून आपले औषध कमी झाले की वाढले, या विवंचनेत पडतो, आणि औषधविक्रेत्यालाही नेहमीच उलगडा करता येत नाही. दोन्ही आकडे एकाखाली एक, ठळक अक्षरांत, मराठीतही छापावयास कंपन्यांना फारसा खर्च येणार नाही.