आधी इजाजत, मग सौदा : बँकॉकच्या कापडबाजारातील चार बोल

अंधेरीच्या विमानतळावरून बँकॉक चार-साडेचार तासांवर आहे. तेथील प्रातुनाम, बोबे आणि फाहुरात हे बाजार आपल्या कापड व्यापाऱ्यांना अनोळखी नाहीत. पासपोर्ट, पैसे, नमुने यांची तयारी सगळे करतात. दोन शब्दांची तयारी फारसे कुणी करीत नाही. आम्हीही केली नव्हती.

पहिल्याच फेरीत एका दुकानात शिरलो. मुंबईच्या सवयीने थान ओढले, उलगडले, पोत बोटांनी चाचपला आणि हात हलवून मोठ्याने भाव विचारला. दुकानदार बाई हसल्या, थान गुंडाळून ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. माल पसंत होता. सौदा मात्र तेथेच संपला.

मग आम्ही चार बोल शिकलो. व्यापारी बांधवांच्या उपयोगासाठी ते येथे देत आहोत.

कुणाचे लक्ष वेधायचे असेल तर 'खॉ थोत ख्रप', म्हणजे माफ करा. 'खॉ' म्हणजे मागणे, आणि 'थोत' हा आपला 'दोष'च. संस्कृत-पालीतून तिकडे गेलेला. 'ख्रप' हा पुरुषाने वाक्याच्या शेवटी लावायचा अदबीचा शब्द. बाईने 'खा' म्हणावे.

कापडाला हात लावण्यापूर्वी 'चप दाय माय ख्रप?' म्हणजे हात लावू का? फोटो काढायचा असेल तर 'थाय रूप दाय माय ख्रप?' यातले 'रूप' आपलेच. उत्तर 'दाय' आले तर होकार, 'माय दाय' आले तर नकार. प्रश्नातला 'माय' चढत्या स्वरात, नकाराचा उतरत्या स्वरात. रेशमालाही चढत्या स्वरात 'माय'च म्हणतात, हे कापडवाल्याने ध्यानात ठेवावे.

रीतसर परवानगी मागायची असेल तर 'खॉ अनुयात ख्रप'. 'अनुयात' म्हणजे आपली अनुज्ञा, उर्दूतली इजाजत. हाक मारताना वयाने मोठ्याला 'फी', लहानाला 'नाँग' म्हणतात. जसे आपण भाईजान किंवा छोटे म्हणतो.

पुढच्या फेरीत दुसऱ्या दुकानात आधी विचारले. तेथील बाईंनी स्वतः थाने उलगडून दाखवली, नमुन्याचा तुकडाही कापून दिला. उच्चार आमचा चुकला असेल, नियत पोहोचली.

परत आल्यावर अंधेरीच्या दुकानात गठ्ठे उतरवणाऱ्या हमालाला नेहमीप्रमाणे 'ए' म्हणून हाक मारली आणि आमचे आम्हालाच खटकले. परक्या मुलखात सौद्यासाठी शिकलेली अदब आपल्या उंबरठ्यावर विसरावी, हा कुठला व्यवहार?