ओल्या भिंतीवरचं पांढरं

मोखाड्याच्या एखाद्या वारली पाड्यावर लग्नघरात सुवासिनी पालघट देवीचं चौकोनी लग्नचित्र, म्हणजे चौक, लिहायला बसल्या, की जवळ जाऊन नुसतं बघत राहावं. चौक काढत नाहीत, लिहितात. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा लेप, त्यावर गेरूचा लाल हात. वाटीत तांदळाच्या पिठाचं पातळ पाणी, हातात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. काडी भिंतीवर फिरते आणि मागे फक्त ओलसर रेघ उरते. ती अजून धड पांढरीही दिसत नाही. हात पुढे सरकतो. थोड्या वेळानं मागची रेघ वाळते आणि भिंतीच्या आतून वर आल्यासारखी शुभ्र होते. म्हणजे पालघट देवीचा हा चौक लिहिणारीला, लिहिताना, पुरता दिसतच नसतो!

हे का होतं? तांदळाच्या पिठात पांढरा रंग असा नसतोच. त्याचे कण जवळजवळ पारदर्शक असतात, मिठाच्या खड्यासारखे. हवेतून कणात आणि कणातून हवेत जाताना उजेड प्रत्येक वेळी वळतो आणि विखुरतो. असंख्य कणांवरून विखुरलेला तो उजेड म्हणजेच आपल्याला दिसणारं पांढरं. हा वळण्याचा खेळ दोन पदार्थांच्या अपवर्तनांकातल्या, म्हणजे उजेड वळवण्याच्या आकड्यातल्या, फरकावर चालतो. हवेचा आकडा १, पाण्याचा १.३३, पिठाचा सुमारे १.५३. ओलं असताना कणांभोवती पाणी असतं, फरक थोडा, म्हणून रेघ फिकी. पाणी उडून हवा आली की फरक वाढतो आणि रेघ उजळते. चुन्याच्या हाताचंही तसंच. मात्र चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होऊ लागतो, म्हणून तो नुसता पांढरा होत नाही, घट्टही होतो.

आता मागची भिंत पाहा. ओला गेरू काळपट लाल दिसतो, वाळला की उजळतो. पाण्यानं मातीच्या फटी भरल्या, की उजेड आत खोल जातो, तिथंच शोषला जातो आणि डोळ्यांकडे कमी परततो. हाच नियम पहिल्या पावसात भिजलेल्या अंगणालाही लागू.

गेरूचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्याच्या टिकण्याचं. त्याचा लाल म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. जे आधीच गंजलेलं आहे ते आणखी काय गंजणार? कापडावरचा झाडापानांचा रंग उन्हात विटतो, कारण ऊन त्याचे रेणू तोडतं. गेरूचं ऊन काही बिघडवू शकत नाही. पिवळी माती म्हणजे पिवडी भाजली, तर तिच्यातलं पाणी निघून जातं आणि तीही लाल होते. अजिंठ्याच्या भिंतींवर हाच लाल आणि हाच पिवळा आहे. मोखाड्याच्या भिंतीवरही रंग विटत नाही; पावसानं जाते ती माती. ती पुन्हा सारवता येते आणि गेरूचा नवा हात जुन्याशी बेमालूम जुळतो. जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रं भिंतीवरून कागद-कापडावर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण गेरूसारखी लाल-तपकिरी जमीन आणि तिच्यावरचं पांढरं, ही जोडी कागदावरही बहुतेक वेळा कायम राहिली.

शहरातल्या रंगांच्या दुकानात शेड कार्ड हातात घेतो, तेव्हा आपण या सगळ्याला मुकतो. तिथं सारं वाळलेलं, छोटं, एकाच ट्यूबलाइटखाली. इमल्शन रंगाचं तर गेरूच्या उलटं असतं: ओलं असताना त्यातलं रंग धरून ठेवणारं बंधक दुधाळ असतं, वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि रंग जरा गडद होतो. चार भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात, म्हणून तळहाताएवढ्या चौकोनात सौम्य वाटलेला पिवळा खोलीभर अंगावर येतो. गेरूसारखा लाल पिवळ्या बल्बखाली फुलतो आणि निळसर पांढऱ्या दिव्याखाली मातकट होतो, कारण त्या उजेडात लाल कमी असतो.

यात मला निवडीचा खरा आनंद दिसतो. रंग डब्यात नसतो. भिंत, उजेड, ओल आणि शेजारचा रंग मिळून तो ठरतो. म्हणून घर रंगवायला काढाल तेव्हा नमुन्याचा एक लहान डबा आणा, भिंतीवर दोन हातांचा चौकोन रंगवा, शेजारी पांढऱ्याची एक रेघ ओढा आणि तो पुरता वाळू द्या. मग सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लागल्यावर बघा. घरातल्या सगळ्यांना, आजीलासुद्धा, त्याच्यासमोर बसवा. तीन दिवस थांबा, मगच डबे उचला.