डोंगरावरचा ढीग आणि हंड्यातले पाणी

वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, पाणी उकळून घेतलं की काळजी नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर अर्धे हो आहे आणि अर्धे नाही. उकळल्याने कावीळ, टायफॉईड, कॉलरा आणि जुलाबाचे जंतू मरतात. म्हणून उकळणे सोडू नये. पण शिसे, कॅडमियम, नायट्रेट हे जंतू नव्हेत, ते उकळून मरत नाहीत. उलट पाणी आटत गेले की उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते.

हे विष पाण्यात येण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यातली एक मोठी वाट म्हणजे डोंगरावर उघडा पडलेला ढीग. तो कचऱ्याचा असो की खाणीच्या मातीचा, पाऊस त्याला धुतो आणि ओढा ते धुवण खाली आणतो. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये असा ढीग आहे, म्हणून या वेळी त्याबद्दल बोलू.

उत्तनचा डोंगर

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती. आज ती त्याहून कितीतरी वाढली आहे. काशीमीरा असो, पेणकरपाडा असो की भाईंदर पश्चिम, आपल्या दारातून घंटागाडीत गेलेला कचरा उत्तनजवळच्या धावगी येथील डोंगरावर जातो. महापालिकेचा घनकचरा प्रकल्प तिथे आहे. जेवढा कचरा येत होता तेवढ्यावर प्रक्रिया झाली नाही आणि वर्षानुवर्षे तो तिथेच साचत गेला.

डोंगराच्या खाली माणसे राहतात. कोळी बांधवांची, शेतकऱ्यांची जुनी गावे आहेत, भातशेती आणि विहिरी आहेत, पुढे समुद्र आहे. पावसाळ्यात ढिगातून निघालेले काळे पाणी शेतात, विहिरीत आणि किनाऱ्यावर येते, उन्हाळ्यात ढीग पेटून धुराने जीव गुदमरतो, ही तिथल्या लोकांची अनेक वर्षांची तक्रार आहे. हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. त्यानंतर जुना कचरा उपसून वेगळा करण्याचे, म्हणजे बायोमायनिंगचे, काम हाती घेण्यात आले.

एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कोणी घाबरून जाणार नाही. आपल्या शहराच्या नळाला येणारे पाणी उत्तनचे नाही. ते लांबून, उल्हास नदीवरून, स्टेम आणि एमआयडीसीच्या योजनांमधून येते. पण नळाला पाणी कमी पडले की वस्तीत विहीर, बोअर आणि टँकर सुरू होतात. काळजी तिथे घ्यायची आहे. शिवाय त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारे आणि त्या ढिगावर काम करणारे कचरावेचक, सफाई कामगार हेही आपलेच लोक आहेत.

ढिगातून विष कसे उतरते

ओला आणि सुका कचरा एकत्र पडला की आतला ओला भाग कुजतो आणि त्यातून आंबट पाणी सुटते. त्याच ढिगात जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, तुटलेले मोबाईल आणि सीएफएल नळ्या असतात. आंबट पाणी त्यातले धातू हळूहळू विरघळवते. वरून पाऊस पडला की हे सगळे मिळून काळे, उग्र वासाचे पाणी खाली झिरपते. अधिकारी त्याला लिचेट म्हणतात. त्यात अमोनिया भरपूर असतो. जमिनीत मुरताना त्याचे नायट्रेट बनते आणि ते विहिरीत उतरते.

सपाट जागेवरच्या ढिगातूनही हे पाणी सुटते. पण डोंगरावर त्याला उतार मिळतो. तिथे पाणी थांबत नाही, आणि जाताना सोबत कचरा व मातीही घेऊन जाते.

खाणीच्या ढिगात याहून वेगळे काही घडत नाही. ज्या दगडात गंधक असते, त्याला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते आणि ते दगडातले धातू सोडवते. जिथे आम्ल बनत नाही, तिथेही बारीक माती वाहून ओढा गढूळ करते आणि शेतावर थर बसवते.

खाणींनी शिकवलेला धडा

गोव्यात एक टन लोहखनिज काढताना साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. ती खाणीशेजारीच डोंगरासारखी रचून ठेवतात. त्याला तिथे डंप म्हणतात. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत असे डंप उभे आहेत. पावसाळ्यात त्यांची लाल माती ओढ्यांत, नद्यांत आणि भाताच्या शेतात उतरते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चमध्ये खाणकाम थांबले. पण पाऊस थांबला नाही आणि ढीगही तिथेच राहिले. खाण बंद करणे आणि खाणीची घाण साफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. डम्पिंग बंद करा, एवढीच मागणी पुरेशी का नाही, हे यावरून समजते.

आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातील कळणे गावात, २९ जुलै २०२१ रोजी खाणीचा बांध फुटला. खाणीत साचलेले पाणी चिखलासह गावात घुसले. घरांत आणि बागायतीत लाल चिखल भरला.

सर्वांत कडू धडा इंग्लंडशेजारच्या वेल्समधला आहे. ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावावर डोंगरात कोळशाच्या टाकाऊ मातीचे ढीग रचले होते. त्यातला एक ढीग झऱ्यावरच टाकला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी पाण्याने भिजलेला तो ढीग सरकला आणि थेट शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यात ११६ मुले होती. उरलेले ढीग हटवा म्हणून गावकऱ्यांना भांडावे लागले. सरकारने त्या कामासाठी पीडितांच्या मदत निधीतूनच दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळायला १९९७ साल उजाडले. ज्यांनी मुले गमावली, त्यांच्याच पैशातून साफसफाई झाली.

कचऱ्याचा ढीगही असाच सरकतो. १ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीत गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराचा कडा कोसळला आणि दोन जणांचा जीव गेला.

साफसफाई म्हणजे नेमके काय

ढिगावर औषध फवारले, वास कमी झाला, वर माती पसरली, म्हणजे साफसफाई झाली असे नाही. ढीग खाणीचा असो की कचऱ्याचा, नियम एकच आहे. पाण्याला ढिगापासून तोडायचे आणि ढिगाला पाण्यापासून.

पहिले काम, डोंगराच्या वरून येणारे स्वच्छ पाणी ढिगात शिरू द्यायचे नाही. त्यासाठी ढिगाच्या वरच्या अंगाला आणि भोवती चर खणून पाणी बाजूने काढून देतात.

दुसरे, ढिगाचा उतार कमी करतात, पायऱ्या पाडतात आणि पायथ्याला दगडी भिंत घालतात. गोव्यात काही डंपांवर काथ्याच्या जाळ्या अंथरून झाडे लावली आहेत. मुळे माती धरून ठेवतात.

तिसरे, ढिगातून निघालेले घाण पाणी पायथ्याशी अडवून टाकीत किंवा तळ्यात घेतात. ते शुद्ध केल्याशिवाय ओढ्यात सोडायचे नसते.

चौथे काम म्हणजे ढिगाचा शेवटचा निकाल. त्याचे दोन मार्ग आहेत, झाकणे किंवा उपसणे.

झाकण्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. उत्तनच्या खाली गोराईला मुंबई महापालिकेची डम्पिंगची जागा होती. १९७२ पासून तिथे खाडीकाठी, जवळजवळ २० हेक्टरवर, सुमारे २३ लाख टन कचरा साचला. २००७ च्या अखेरीस ती जागा बंद झाली. मग ढिगाला उतार दिला, वर जाड प्लास्टिकचे आच्छादन घालून मातीने झाकले, आतला गॅस काढायला नळ्या बसवल्या आणि घाण पाणी खाडीत जाऊ नये म्हणून काठाला जमिनीत खोल भिंत घातली.

उपसण्याला बायोमायनिंग म्हणतात. जुना कचरा मोकळा करून त्याच्या रांगा लावतात, जिवाणूंचे द्रावण फवारतात आणि काही आठवडे वरखाली करून सुकवतात. मग मोठ्या फिरत्या चाळणीतून चाळतात. प्लास्टिक आणि कापड सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी जाते, दगड-विटा भरावाला जातात, उरते ती माती. या मातीबद्दल सावध राहा. दिसायला ती खतासारखी काळी असते, पण तिच्यात धातू असू शकतात. प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय ती भाजीच्या वाफ्यात किंवा मुलांच्या मैदानात टाकू नये.

आणि बायोमायनिंगचे काम चालू असताना ताजा कचरा त्याच जागी पडत राहिला, तर ढीग कधीच संपत नाही. म्हणून ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे हे या साफसफाईचे पहिले पाऊल आहे. बॅटरी, फुटलेली ट्यूब आणि औषधांच्या बाटल्या ओल्या कचऱ्यात टाकू नका.

शरीरावर काय परिणाम होतो

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जितके रक्तात उतरते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या रक्तात उतरू शकते. सुरुवातीला काही दिसत नाही. नंतर पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे अशी लक्षणे येतात. मुलाला मंद किंवा आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तुमच्या घरात कोणी भंगार, बॅटरी किंवा कचऱ्याचे काम करत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शिसे कळते ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून, साध्या हिमोग्लोबिनच्या तपासणीतून नाही.

नायट्रेट सर्वांत घातक आहे ते सहा महिन्यांखालच्या बाळाला. बाळ निळसर पडते, धापा टाकते. अशा बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्या. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध पाजले तर हा धोका टळतो. वरचे दूध द्यावेच लागत असेल, तर ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात मिसळू नका.

घरात एवढे करा

- पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नळाचेच पाणी राखून ठेवा. विहीर किंवा बोअरचे पाणी कपडे, फरशी आणि संडासाला वापरा.
- टँकर आला की पाणी कुठून भरले ते विचारा आणि लिहून ठेवा.
- तुरटीने गढूळपणा खाली बसतो आणि मेडिक्लोरने जंतू मरतात. विरघळलेले नायट्रेट आणि शिसे यांपैकी कशानेही जात नाही.
- ढिगावर काम करणाऱ्याने कामाचे कपडे आणि बूट घराबाहेर काढावेत, ते वेगळे धुवावेत आणि हात धुतल्याशिवाय मुलांना उचलू नये.
- उपाशीपोटी शिसे जास्त शोषले जाते. मुलांना वेळेवर जेवण, नाचणी, पालेभाजी, कडधान्य आणि सोबत लिंबू द्या. लोह आणि कॅल्शियम मिळाले की शिसे कमी शोषले जाते.
- ढीग पेटल्यावर धुरात फडके बांधून भागत नाही. दारे-खिडक्या बंद करा. दमेकरी, म्हातारी माणसे आणि गरोदर बाई यांना शक्य असेल तर दूर न्या.

वस्तीने काय मागावे

पाण्याची तपासणी मागताना एक शब्द विसरू नका, रासायनिक. नुसती तपासणी मागितली तर बहुधा जंतूंचीच होते. तो अहवाल चांगला आला तरी धातूंबद्दल काहीच कळत नाही. अर्जात शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि नायट्रेट अशी नावे लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. अहवाल हातात आला की या दोन आकड्यांशी ताडून पाहा. तपासणी वर्षातून दोनदा करा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर.

माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पुढील गोष्टी मागता येतात : ढिगावर आज किती टन जुना कचरा आहे, आजवर किती उपसला, निघालेली माती कुठे गेली आणि तिचा अहवाल काय, काळे पाणी शुद्ध करायची यंत्रणा रोज किती लिटर पाणी शुद्ध करते, आणि पायथ्याच्या विहिरींची तपासणी कधी झाली. आकडे मिळाले की बुद्धविहाराच्या फलकावर लावा, म्हणजे सगळ्यांना वाचता येतील.

आणि उत्तनच्या लोकांनी हाक दिली, तर ते भांडण त्यांचे आहे असे म्हणू नका. त्या ढिगात आपल्या दारातला कचरा आहे. पावसाळ्यापूर्वी चर, भिंत आणि पाणी अडवण्याच्या टाक्या तयार आहेत की नाहीत हे बघायला प्रत्येक वस्तीतून दोन माणसे जरी अधिकाऱ्यांकडे रीतसर परवानगी घेऊन गेली, तरी फरक पडेल. अर्जाचा नमुना हवा असेल तर आमच्या बैठकीत या. आपण बसून लिहू.