दुसऱ्याची साक्ष

‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ एवढे म्हटले की आपल्याकडे वाद मिटतो. वस्तुतः खरा वाद तेथूनच सुरू व्हावयास हवा. कोणी पाहिले आणि दुसऱ्या कोणी ताडून पाहिले काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. गुरुत्वीय लहरींची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले की अवकाशातच तरंग उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने मांडले. १९६९ साली अमेरिकेतील जोसेफ वेबर यांनी ते तरंग सापडल्याचे जाहीर केले. ॲल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगून ते त्यांची थरथर मोजीत. दूरदूरचे दोन दंडगोल एकदमच थरथरले, हा त्यांचा पुरावा. पुढे इतरांनी तशीच यंत्रे उभारली. त्यांत काही आढळेना. वेबर अखेरपर्यंत ठाम राहिले, पण शास्त्रज्ञांनी त्यांचा दावा स्वीकारला नाही. आम्ही त्यांना कमी लेखणार नाही, कारण त्यांच्यामुळेच अनेकजण या शोधाला लागले. उणीव होती ती दुसऱ्याच्या साक्षीची.

आम्ही कामगारांच्या तंट्यांत आयुष्य घालविले. हजेरीची वही मालकाची असो वा युनियनची, एकाच वहीवर निवाडा होत नाही; दुसरी नोंद लागते. विज्ञानाची रीतही हीच आहे.

पुढे अमेरिकेत ‘लायगो’ या नावाच्या दोन वेधशाळा उभ्या राहिल्या. त्यांच्यात ३,००० किलोमीटरांचे अंतर आहे. प्रत्येकीत काटकोनात दोन निर्वात नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. त्यांतून लेसरचा प्रकाश धाडावयाचा आणि तो काचेच्या तंतूंवर टांगलेल्या ४० किलो वजनाच्या आरशांवरून परत आणावयाचा. लहर गेली की एक नळी किंचित लांबते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. अशा गोंगाटातून नेमका संकेत वेचण्याच्या गणिती पद्धतीस पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांनी मोलाचा हातभार लावला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी एका वेधशाळेत संकेत उमटला. सेकंदाच्या सात हजारांशाने तोच दुसरीत उमटला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. तरीही शंका थांबल्या नाहीत. २०१७ साली कोपनहेगनच्या काही संशोधकांनी विचारले, हा निव्वळ यंत्रांचा गोंगाट तर नसेल? मोजमापे सर्वांसाठी खुली होती, म्हणून तर हा प्रश्न विचारता आला! इतरांनी तीच मोजमापे स्वतंत्रपणे तपासली आणि संकेत खरा ठरला.

सर्वांत मोठी साक्ष १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि दोनच सेकंदांच्या आत एका उपग्रहाने त्याच दिशेने गॅमा किरणांची झळक टिपली. मग सुमारे ७० वेधशाळांनी तो प्रकाश पाहिला. लायगोशी ज्यांचा संबंध नव्हता, त्यांनीही ग्वाही दिली.

त्याच वर्षी नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्या नियमात तिघांहून अधिकांना जागा नाही. या प्रयोगाचे एक आद्य शिल्पकार रोनाल्ड ड्रेव्हर मार्चमध्येच निवर्तले होते. पहिल्या शोधनिबंधावर मात्र हजारांहून अधिक नावे आहेत. नळ्यांचे सांधे जोडणाऱ्या वेल्डरांची गणती तर वेगळीच. एक सांधा गळता, तर निर्वात पोकळी गेली असती आणि तिच्याबरोबर शोधही.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने हिंगोली जिल्ह्यातील अशाच वेधशाळेला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लहर कोणत्या दिशेने आली हे ठरविण्यास दूरचा आणखी एक साक्षीदार हवा असतो. तो मराठवाड्याच्या मातीत उभा राहावयाचा आहे. त्याच्या पायाभरणीपासून आरशांपर्यंत ज्यांचे हात लागतील, त्या सर्वांची नोंद आपण ठेवावी, आणि तेथून येणाऱ्या प्रत्येक दाव्याला बेधडक विचारावे: दुसरी साक्ष कोणाची?